मांजर घालवू का, कुत्रं आत घेऊ का? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळी पत्रं बरीच आलीत आणि निम्म्याहून जास्त पत्रांत फिरून फिरून एकच प्रश्न आहे, की आता याला घरातून काढावं का. कुणाकडे बाळ येणार आहे, कुणाची सोसायटी मागे लागलीय, कुणी परदेशी चाललंय. जनावरांची डॉक्टर म्हणून मी कायम हेच बघत आलेय की काढायची वेळ खरंच फार थोड्या घरांवर येते, बाकी ठिकाणी माहिती कमी पडते आणि त्यात मुका जीव जातो. म्हणून उत्तरं सविस्तर देतेय, पत्रं मात्र जागेसाठी थोडी छोटी केलीत.

प्रश्न: आमच्या घरी चार वर्षांची मांजरी आहे, मनी. सुनेला तिसरा महिना लागलाय. तिच्या माहेरचे म्हणतात मांजराचे केस पोटात गेले तर बाळाला व्यंग येतं, मांजर आधी घालवा. शेजारचे म्हणाले पोत्यात घालून सांगलवाडीला सोडून या, नदी ओलांडून मांजर परत येत नाही. सून रडतेय कारण मनी रात्रंदिवस तिच्याच पायाशी असते. मी सासू, मला दोन्हीकडून ऐकावं लागतंय. काय करू?
एक काकू, सांगली

उत्तर: काकू, आधी सुनेला सांगा मनी कुठेही जात नाहीये, कारण या दिवसांत तिनं रडत बसणं काही बरं नाही.

आता भीतीचं. माहेरचे बोलतायत त्यामागे एक खरा आजार आहे, टॉक्सोप्लाझ्मोसिस नाव त्याचं, पण तो केसातून येत नाही. मांजराचे केस पोटात जाऊन बाळाला काही होतं याला काहीच आधार नाही. हा जो परजीवी जंतू आहे तो मांजराच्या शीमधून बाहेर पडतो, आणि तेही कायम नाही, मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडेच, आणि मांजराला ती होते उंदीर पाखरं खाऊन किंवा कच्चं मटण खाऊन. तुमची मनी घरातच असते आणि शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाते असं असेल तर तिला लागण व्हायची शक्यताच फार कमी.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते ती म्हणजे मांजर शी करते त्या क्षणी ती घातक नसते, त्यातले जंतू लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराच्या शीचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला की धोका जवळपास तिथेच संपतो. फक्त ते काम सुनेनं करायचं नाही, मुलाला द्या, त्याला सांगा हे बापाचं पहिलं काम समज. घरात कुणीच नसेल तर हातमोजे घालून करायचं आणि मग साबणानं हात धुवायचे.

आणि खरं सांगू का, बायकांना हा आजार होतो तो बऱ्याचदा मांजरापासून नसतोच, अर्धंकच्चं मटण, न धुतलेली भाजी, कोशिंबीर, कुंड्यांतली माती, यातून होतो. मांजर घालवली आणि मेथी मातीसकट चिरली तर काय उपयोग. बागकाम करताना हातमोजे, भाज्या स्वच्छ धुवून, मटण नीट शिजवून, एवढं पाळा. बाळंतपणाच्या डॉक्टरला सांगा घरी मांजर आहे, टॉक्सोसाठी रक्ताची टेस्ट असते, आधी लागण होऊन गेलीय का ते त्यात कळतं. आधी होऊन गेली असेल तर सहसा बाळाला धोका राहत नाही.

बाळ आल्यावर पाळण्याला मच्छरदाणी लावा आणि बाळ झोपलेलं असताना मांजर एकटं त्या खोलीत नको. मांजर बाळाचा श्वास ओढते वगैरे खोटं आहे, पण मांजराला ऊब आवडते आणि ते उबेला जाऊन तोंडाजवळ झोपू शकतं, बाळाला त्याला बाजूला सारता येत नाही, म्हणून काळजी घ्यायची. पाळणा आत्ताच आणून ठेवा आणि त्यात चढायचं नाही ही सवय मनीला आत्तापासून लावा.

आणि पोत्याचं कुणाच्या तोंडून परत आलं तर सांगा, की पाळलेलं जनावर उपाशी तहानलेलं राहील अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. घरात वाढलेल्या मांजराला परक्या गल्लीत ना खायला मिळवता येतं ना तिथले बोके राहू देतात. बरीचशी त्यातच संपतात. कायद्यापेक्षा मला याचं जास्त वाईट वाटतं.

प्रश्न: मांजराला ताप आलाय, अंग गरम लागतंय. क्रोसिनची पाव गोळी दिली तर चालेल का? लहान मुलांचं सिरप आहे घरी.
वाचक, नाशिक

उत्तर: नाही. पाव नाही, सिरप नाही, एक थेंब नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ते मांजरासाठी विष आहे, तिच्या लिव्हरला ते औषध पचवता येत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहून नेणं बंद करतात, हिरड्या चॉकलेटी निळ्या पडतात, तोंड सुजतं, आणि एका गोळीत मांजर जाऊ शकतं. कुणी आधीच दिली असेल तर लक्षणं दिसायची वाट बघू नका, तसंच उचलून डॉक्टरकडे न्या आणि काय दिलं, किती दिलं, कधी दिलं हे स्पष्ट सांगा, उतारा आहे पण तो वेळेत द्यावा लागतो. आणि अंग गरम लागतंय म्हणजे ताप असं नसतं, मांजराचं टेंपरेचर आपल्यापेक्षा जास्तच असतं, १०२ च्या आसपास नॉर्मल. कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडाचं औषध पण मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रीन असेल तर मांजराला झटके येतात. हे पान कापून फ्रीजवर लावा.

प्रश्न: जुन्नर तालुक्यात आमची वस्ती आहे, चारी बाजूला ऊस. मागच्या महिन्यात बिबट्यानं आमचा मोत्या अंगणातून नेला, साखळी तुटलेली सापडली. आता पोरांनी नवीन पिल्लू आणलंय. वडील म्हणतात कुत्र्याची जागा अंगणातच, नाहीतर राखण कोण करणार. मला परत तसंच व्हायला नको वाटतं.
एक शेतकरी

उत्तर: दादा, मोत्याचं वाचून फार वाईट वाटलं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातनं असं पत्र आलं नाही असा महिना जात नाही.

वडिलांना मान देऊनच सांगा की साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते बिबट्याला बोलावतं. मोकळं कुत्रं निदान पळेल, घरात शिरेल, बांधलेल्याला जागाच नाही. बिबट्या उसातच राहतो, तिथेच पिल्लं घालतो, आणि त्याच्यासाठी कुत्रं म्हणजे सगळ्यात सोपं खाणं, हरणामागं धावण्यापेक्षा वस्तीवर येऊन जागेवर बांधलेलं उचलणं सोपं. एकदा मिळालं की तो त्या अंगणात परत येतो, आणि तुमच्याकडे पोरं आहेत हे विसरू नका.

तर करायचं असं. दिवस मावळायच्या आत कुत्रं आत. पडवीला दार असेल तर पडवीत, नाहीतर बंद गोठ्यात जनावरांबरोबर. तेही नसेल तर जाळीचा पिंजरा करा पण वरून पण बंद पाहिजे, बिबट्या सहा फुटांची भिंत सहज चढतो, नुसतं कुंपण घालून उपयोग नाही. जाळी कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ नको, वेल्डिंगची जाड. अंगणात रात्रभर दिवा ठेवा, लाइट जाते तिकडे सोलर लावा. घराला लागून ऊस असेल तर मधे थोडी पट्टी मोकळी ठेवता आली तर ठेवा.

राखणीचं म्हणाल तर कुत्र्याचं निम्मं काम कानांनी आणि नाकानं चालतं, दाराच्या आतून पण त्याला परक्याची चाहूल आपल्या आधी लागते, आणि आतून भुंकलं तरी चोर पळतो. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बघितला असेल, तो याचसाठी, कारण बिबट्या नरडं धरतो. दिवसा शेतात जाताना तो पट्टा घाला, पिल्लू मोठं झाल्यावर, पण पट्टा आहे म्हणून रात्री बाहेर ठेवलं असं करू नका.

वस्तीजवळ मेलेल्या कोंबड्या, पोल्ट्रीची घाण टाकत असाल तर ते बंद करा, खड्डा खणून पुरा. त्या घाणीवर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या. रात्री कुत्रं जोरात भुंकायला लागलं तर दार उघडून काठी घेऊन बाहेर धावू नका, आतून आवाज करा, डबे वाजवा, आणि वन विभागाला १९२६ वर फोन लावा.

कधी बिबट्याच्या तावडीतून कुत्रं सुटलंच तर वरनं जखम बारीक दिसते, दाताचे दोन भोकं, पण आत खोल गेलेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी पू होतो. हळद लावून ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

प्रश्न: आमच्या घरात अंडं सुद्धा येत नाही. रस्त्यावरून उचललेलं मांजराचं पिल्लू आता वर्षाचं झालंय, दूध-पोळी खातं, पण केस राठ झालेत आणि सारखी पातळ शी होते. मांजराला शाकाहारी ठेवता येत नाही का?
वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही येत. कुत्र्याला नीट आखून शाकाहारावर ठेवता येतं, मांजराला घरच्या शाकाहारावर नाही. टॉरिन नावाचा एक घटक आहे, तो मांस-मासळीतच असतो, आपलं शरीर तो बनवतं, मांजराचं पुरेसा बनवत नाही, आणि तो मिळाला नाही तर डोळ्याचा पडदा खराब होऊन मांजर आंधळं होतं, हृदय मोठं होऊन कमकुवत पडतं. १९८७ मध्ये हृदयाचा हा संबंध कळला आणि तेव्हापासून कंपन्या कॅट फूडमध्ये टॉरिन जास्त घालायला लागल्या. पातळ शी दुधामुळे असणार, मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, सिनेमात कितीही पिऊ देत.

तुमच्या घरच्या नियमाचा मला आदर आहे. स्वयंपाकघरात काही शिजवावं लागत नाही, कोरड्या कॅट फूडचं पाकीट आणा, बाल्कनीत वेगळी वाटी, वेगळा चमचा, झालं. आठ दहा दिवसांत हळूहळू दूध-पोळी कमी करत खाणं वाढवा. कुत्र्याचं पाकीट स्वस्त मिळतं म्हणून ते आणू नका. आणि एकदा डोळे आणि हृदय तपासून घ्या, वर्षभर असं खाणं झालंय म्हणून.

प्रश्न: सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला, कुत्र्यांना लिफ्ट बंद आणि महिना पाचशे रुपये जादा मेंटेनन्स. आम्ही सहाव्या मजल्यावर, आमच्या लॅब्राडॉरचे गुडघे दुखतात. बहुमतानं पास झालंय म्हणतात. विकून टाकायचं का आता त्याला?
एक ताई, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, शेवटचं वाक्य परत मनात पण आणू नका. बहुमत असलं तरी असा ठराव टिकत नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियानं २०१५ मध्ये याच विषयावर सूचना काढल्यात, त्यात सरळ म्हटलंय की सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा पैसे घेता येत नाहीत. केरळ हायकोर्टानं पण २०२१ मध्ये पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारे सोसायट्यांचे नियम बेकायदेशीर ठरवलेत. त्या सूचनांची प्रिंट काढून सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या, ग्रुपवर भांडू नका, ग्रुपवर भांडून आजपर्यंत एकाही कुत्र्याचं भलं झालेलं मी बघितलं नाही.

पण पत्र देण्याआधी आपली बाजू स्वच्छ पाहिजे. महापालिकेचं लायसन्स काढलंय का, लसीचं कार्ड अपटुडेट आहे का, आवारात पट्टा धरलेला असतो का, शी उचलली जाते का. बिल्डिंगमध्ये कुणीतरी असतंच ज्यांना लहानपणी कुत्रं चावलेलं असतं, त्यांची भीती खरी असते, त्यांना आधी लिफ्टनं जाऊ द्या, तुम्ही पुढची घ्या. ठरावाला हात वर करणाऱ्यांतले निम्मे तेवढ्यानंच शांत होतात.

गुडघ्यांचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लॅब्राडॉरचं वजन करून घ्या, बहुतेक जास्त निघेल, पोळी-भात-बिस्किट मोजून द्या, गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून सतरंजी टाका, आणि माणसांची दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो आणि किडनी जाते. डॉक्टरांकडून लेखी घ्या की याला जिने चढणं वर्ज्य आहे, ते पत्राला जोडा.

प्रश्न: आई फेब्रुवारीत गेली. बाबा पुण्यात एकटे, त्यांच्याबरोबर आठ वर्षांची गावठी कुत्री आहे, राणी. आई गेल्यापासून ती दारातच बसून असते, नीट खात नाही. आम्ही बाबांना इकडे न्यू जर्सीला बोलावतोय, ते म्हणतात राणीला सोडून येणार नाही. नातेवाईक म्हणतात कुत्र्यासाठी काय एवढं. राणीला आणता येतं का?
एडिसनहून एक वाचक

उत्तर: येतं. आणि बाबा बरोबर बोलतायत. घरातलं एक माणूस गेलंय आणि त्या घरात आता दोघंच आहेत ज्यांना आई रोज आठवते, त्यांना वेगळं करणं म्हणजे बाबांना परत एकदा तेच सहन करायला लावणं.

आधी हे ठरवा की बाबा कायमचे येतायत की व्हिजिटर व्हिसावर सहा महिने. सहा महिन्यांसाठी राणीला आणू नका, दोनदा तो प्रवास, दोनदा कागद, तिचे हाल होतील. तेव्हा तिला पुण्यातच तिच्याच घरात ठेवा, ओळखीचं माणूस राहायला आणून, बोर्डिंगमध्ये नको. कायमचे येत असतील तर तयारीला किमान चार महिने धरा.

अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत. भारत त्यांच्या यादीत कुत्र्यांच्या रेबीजचा जास्त धोका असलेला देश आहे, म्हणून क्रम चुकवायचा नाही. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली ओळख क्रमांकाची बारीक चिप, बसवायची, मग रेबीजची लस, चिपच्या आधीची लस धरत नाहीत. मग पहिल्या ग्राह्य लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन त्यांच्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये टायटर टेस्ट, म्हणजे लस रक्तात नीट लागू पडलीय का ते बघणारी टेस्ट, आणि ते रक्त अमेरिकेत पोचायच्या किमान २८ दिवस आधी घेतलेलं पाहिजे. ही टेस्ट नसेल तर तिकडे उतरल्यावर २८ दिवस क्वारंटाईन, त्याचा खर्च ऐकून चक्कर येईल आणि आठ वर्षांच्या, आधीच खचलेल्या कुत्रीला ते दिवस सोसणार नाहीत, म्हणून टेस्ट कराच. विमान ठराविक एअरपोर्टवरच उतरलं पाहिजे जिथे त्यांचं मान्य केलेलं प्राण्यांचं केंद्र आहे, तुमच्यासाठी न्यूयॉर्कचं जेएफके, तिथे आधी बुकिंग लागतं. इकडून निघताना सरकारच्या क्वारंटाईन विभागाचं, म्हणजे एक्यूसीएसचं हेल्थ सर्टिफिकेट. तिकीट काढायच्या आधी सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या साइटवर नियम परत बघून घ्या, ते बदलत असतात.

आता तिच्या न खाण्याचं. कुत्री माणूस गेल्यावर खरंच खचतात, पण आठ वर्षांच्या कुत्रीनं खाणं सोडलं तर नुसतं दुःख आहे म्हणून सोडून देऊ नका, रक्त तपासा, गोचीड ताप आपल्याकडे फार आहे आणि त्यात पण कुत्रं असंच मलूल पडतं. नसबंदी झालेली नसेल तर गर्भाशयात पू झालाय का तेही बघायला सांगा. तपासणीत काही निघालं नाही तर मग वेळापत्रक हेच औषध. आई ज्या वेळेला जेवण द्यायची त्याच वेळेला बाबांनी द्यायचं, संध्याकाळी ठरलेला फेरा चुकवायचा नाही, बाबांना पण त्यानं घराबाहेर पडायला होईल. जेवण कोमट करून द्या, वास सुटला की खातात.

आणि विमानाचा पिंजरा आत्ताच घ्या, उभी राहून वळता येईल एवढा. दार काढून तो घरात ठेवून द्या, तिचं जेवण त्याच्यात द्यायला लागा, म्हणजे चार महिन्यांत ती आपणहून आत झोपायला लागेल. गुंगीचं औषध देऊन पाठवायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका, उंचीवर त्यानं बीपी आणि श्वास बिघडतो आणि बहुतेक एअरलाइन तसं कुत्रं घेतच नाहीत. एप्रिल-मे टाळा, डिसेंबर-जानेवारीत न्यू जर्सीत बर्फ असतो तेही टाळा, ऑक्टोबर चांगला. म्हणजे मायक्रोचिपची अपॉइंटमेंट बाबांनी उशिरात उशिरा जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यायला हवी.